मला फक्त वण दिसतात

मी सोनोग्राफीचं यंत्र बोलतोय. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज मी पोटात सोडतो. तो आत आपटून परत आला, की माझ्या पडद्यावर करडं चित्र उमटतं. एक्क्याण्णव साली सांगलीत डॉक्टर चारुलताबाईंच्या दवाखान्यात मी आलो, तेव्हा मला बघायला अर्धी गल्ली लोटली होती. बहुतेक जण एकच विचारायचे, मुलगा की मुलगी. यकृताचं कोण विचारतो?

चंदनबाला आली ती पाय सुजले म्हणून. जवळच्या गावातली जैन बाई. सोबत हळदीचा व्यापार करणारा नवरा भरतेश आणि सासू. बाईंनी पोटाला गार जेल लावलं आणि माझा प्रोब उजव्या बरगडीखाली टेकवला. निरोगी यकृत बारीक रव्यासारखं एकसारखं दिसतं. तिचं भरड होतं, कड खडबडीत, आकार आक्रसलेला. डावीकडची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली.

यकृत कडक झालंय, सिरॉसिस आहे, असं बाईंनी सांगितलं. भरतेशचा चेहरा उतरला. त्यांच्या गल्लीतला एक दारुडा याच रोगानं गेला होता. सासू सुनेकडं नुसती बघत राहिली. चंदनबाला तर दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही न घेणारी, पण गावात कुजबुज सुरू झालीच.

पुढच्या खेपेला तिनं सासूला मुद्दाम आत बोलावलं.

"बाई, आमच्या आत्याबाईंना मशीनमधनं दावा. मी कवा दारूला शिवले न्हाई."

बाईंचा हात थांबला. "यात फक्त वण दिसतात. ते कशानं पडले, ते रक्त तपासल्यावर कळेल."

रक्तात काविळीचा विषाणू निघाला, अंगात कैक वर्षं मुरलेला. पहिल्या बाळंतपणात मूल दगावलं, तेव्हा तिला रक्त चढवलं होतं. बहुतेक त्यातूनच आला असावा, असं बाई म्हणाल्या. ती रक्ताची बाटली मिळवायला सासूच वणवण फिरली होती. म्हातारीनं पदरानं सुनेच्या पोटावरचं जेल पुसलं.

त्यानंतर चंदनबाला येत राहिली. पोटात पाणी साठलं, माझ्या पडद्यावर ते काळंभोर दिसे. औषधानं पाणी उतरायचं, यकृत मात्र आक्रसतच गेलं. शेवटी रक्ताची उलटी होऊन ती गेली.

घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. भरतेश टाळत राहिला. मुलीची, ब्राह्मीची, सोयरीक ठरत होती. बाहेर कळलं तर? सून गेल्यावर म्हातारीच नातीला घेऊन आली. जन्मताना आईकडून आलेला तो विषाणू तिच्यातही होता. सोयरीक मोडली.

तेव्हापासून ब्राह्मीही तपासणीला येते. गेल्या खेपेला एका जागी तिचं यकृत किंचित भरड वाटलं. बाईंनी तिथं प्रोब पुन्हा फिरवला.

"आईसारखं दिसतंय का?" ब्राह्मीनं विचारलं.

"अजून नाही. पण तपासणी चुकवायची नाही."

आता अठ्ठ्याण्णव साल उजाडलंय. माझा पडदा अंधुक झालाय, नवं यंत्र येऊ घातलंय. ब्राह्मी पुढच्या वेळी येईल तेव्हा मी नसेन. आजी थकलीय, तिला आता एसटीची पायरी चढवत नाही. भरतेशराव, या खेपेला तुम्ही या. आणि आलात की तुमचंही रक्त तपासून घ्या.