ताईंची पट्टी

"काका, पट्टी जरा उतरवा ना. वरच्या सुराला माझा गळा पोचत नाही," साक्षी तिसऱ्यांदा म्हणाली.

"ताईंचं गाणं ताईंच्याच पट्टीत व्हायला पायजे," मी म्हणालो आणि पेटी उघडली.

कस्तुराताई म्हणजे आमच्या भागातल्या भीमगीतांची राणी. पिंपरीपासून तळेगावापर्यंत त्यांच्या नावावर मैदान भरायचं. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला शब्द न् शब्द ऐकू जायचा. शिफ्ट संपली की अंगाला ऑइलचा वास असतानाच मी त्यांच्या साथीला बसायचो. भीमराज पेटीवाला कोणाच्या लक्षात राहिला असेल असं वाटत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. पेटीवर काळी पाचला सा धरायचा, ही त्यांची पट्टी. अंतऱ्याला आवाज असा चढायचा की ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले जायचे. मग घशाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ताईंनी साधं गुणगुणलंही नाही.

आज विहारात त्यांचा सत्कार होता आणि त्यांचं गाजलेलं गाणं साक्षी म्हणणार होती. ती चाकणच्या कंपनीत गाड्यांचे पार्ट तपासते. फर्स्ट शिफ्ट करून तशीच आली होती. गळा जाड, पण सुराला पक्का. मला मात्र हुबेहूब ताई ऐकायच्या होत्या. मी हट्टी आहे, हे माझी बायकोही सांगेल.

अंतरा आला आणि साक्षीचा सूर चिरकला. तिने पुन्हा धरला, पुन्हा चिरकला. मागे कोणीतरी हसलं. तिचे डोळे भरून आले, तरी माझी बोटं काळी पाच सोडायला तयार नव्हती.

सत्काराची शाल सावरत ताई खुर्चीतून उठल्या. माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि भात्यावर हात ठेवून त्यांनी पेटी थांबवली.

"भीमराज, आज गातंय कोण?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"साक्षी."

"मंग तिला जमंल तिथं धर की. माझ्या पट्टीचं काय लोणचं घालायचंय?"

पुढच्या रांगा हसल्या. साक्षीही डोळे पुसत हसली. मी गुपचूप पट्टी उतरवून काळी तीन धरली.

साक्षी मोकळी झाली. ताईंच्या गळ्यात ते गाणं अख्ख्या मैदानाला हाक मारायचं. हिच्याकडून ते घरातल्या माणसाने जवळ बसून सांगितल्यासारखं आलं. लोक डोलू लागले. मलाही ते आवडलं, आणि आवडलं म्हणून थोडा रागही आला.

दुसऱ्या अंतऱ्याला पेटीतून बारीक खरखर ऐकू आली. भाता फाटला की काय, म्हणून मी खाली वाकलो. भाता धड होता. शेजारी ताई डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. इतक्या खालच्या पट्टीत त्यांचा उरलेला आवाज पोचत होता.

माइक साक्षीपुढे होता. ताईंचा सूर माझ्याशिवाय कोणालाच ऐकू येत नव्हता. मी भाता अगदी हलका केला आणि पेटी त्यांच्या मागोमाग नेऊ लागलो.