जहाजावरचा जानोसा

शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता धुळ्याहून जितेंद्रचा फोन आला. भूमिकाला सासरचे आखाजीला पाठवत नाहीत, असं तो म्हणाला.

तोताराम चौधरी तेव्हा यावलच्या घरासमोरच्या निंबाला झोका बांधून शिडीवरून उतरत होते. फोन कानाशी धरून त्यांनी दुसरा पाय जमिनीवर टेकवला.

"कोण म्हणालं असं?"

"नाना. म्हणाले, मुऱ्हाळी म्हणून पोरगं कशाला धाडलं, बापाला येऊ दे."

"रागानं?"

"नाही, आबा. पेपर वाचता वाचता. मला जिलबी खाऊ घातली, गाडीत पेट्रोल आहे का विचारलं. मग म्हणाले, जा आता."

"आणि ताई?"

"दारामागे उभी होती. बॅग भरलेली दिसली मला."

लग्नानंतरची पहिली आखाजी. अक्षय्य तृतीयेच्या या सणाला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो आणि बहिणीला घेऊन येतो, त्यात विचारायचं काही नसतं. पहिल्या आखाजीला मुलगी आली नाही, तर गल्ली दोनच अर्थ लावते. सासरी कोणी गेलं, नाहीतर सासरचं बिनसलं. धुळ्याला देवपुरात, भूमिकाच्या सासरी, सगळे धडधाकट होते.

आत लताबाई सांजोऱ्या तळत होत्या. ऐकून त्यांनी झारा कढईच्या काठावर आपटला.

"फळांचं काढलं का त्यांनी?"

"नाही."

"मग तेच आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचा घाणा सोडला.

तोताराम ओट्यावर बसले. आता छातीत धस्स व्हायला हवं, असं त्यांना वाटलं. झालं नाही. झोका वाऱ्यानं थोडा हलत होता, त्याचा एक दोर दुसऱ्यापेक्षा आखूड राहिला होता, तेवढं दिसलं.

फळांची गोष्ट फेब्रुवारीतली. तिचं मूळ मात्र डिसेंबरात, भूमिकाच्या लग्नात होतं. तिचे सासरे भाईदास नाना हा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला सरळ माणूस. देवपुरात दोन मजली घर, सकाळी फिरायला जाणारं मोठं मंडळ. लग्नात त्यांनी टॉवेल-टोपी आणि नारळ एवढंच हातात घेतलं. "मुलगी मिळाली, बाकीचं राहू द्या," म्हणाले. ऐकणाऱ्यांना बरं वाटलं. तोतारामांना वाटलं नाही. व्याह्यांचा मान करायचा राहिला, हे त्यांच्या मनात रुतून बसलं. लेकीच्या घरी ते पाणीही पीत नसत. तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे त्यांच्या वडिलांनी पाळलं होतं, तेही पाळत. नाना त्यावरून चिडवायचे. "आणली का तुमची बाटली, तोतारामभाऊ? की पांझरा नदीतून भरून घेता?"

फेब्रुवारीत नानांना साठ वर्षं पूर्ण होत होती. तोताराम जळगावला हसीबच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात गेले. हसीबनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मोठं जहाज, वरच्या मजल्यावरचा सूट, पांढरे हातमोजे घातलेला बटलर हात जोडून नाव सांगतोय. रोज सकाळी फळांची टोपली. नाश्त्याला वेगळा हॉल, रांग नाही. संध्याकाळी पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती. तोतारामांनी दुकानात बसल्या बसल्याच तो व्हिडिओ नानांना पाठवला. नानांनी तो दिवस मावळायच्या आत फिरायच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

नाना-नानींना वरचा सूट घेतला. तोताराम आणि लताबाईंनी खालची बिनखिडकीची खोली घेतली. जहाज मुंबईहून निघून कोचीला जाणार होतं आणि येताना गोव्याला थांबणार होतं.

पहिल्या संध्याकाळी सगळं ठीक आहे का हे बघायला तोताराम वर गेले, तर नाना नवा बुशशर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. हातात मोबाइल, कॅमेरा चालू.

"बसा," नाना म्हणाले. "तो येईलच आता."

"कोण?"

"बटलर. ओळख करून द्यायला येतो ना. शूटिंग घ्यायचंय, मंडळ वाट बघतंय."

नानी पलंगावरची चादर उचलून खाली बघत होत्या. "हत्ती कोठे शे हो?" त्यांनी विचारलं.

"येईल, हत्तीपण येईल," नाना म्हणाले.

तोताराम खाली काउंटरवर गेले. तिथली मुलगी हसून बोलत होती. बटलर आता बंद झाला, सर. त्या मजल्याला मिळून एकच माणूस आहे, तो सकाळी खोली आवरतो. संध्याकाळचं आवरणं बंद. फळं मागवता येतात, बिल वेगळं. वेगळा नाश्ताही बंद, सगळ्यांनी बुफेलाच यायचं. तोतारामांनी व्हिडिओ दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत पाहिला. "छान होतं तेव्हा," ती म्हणाली.

मोबाइलला रेंज होती तोवर त्यांनी हसीबला फोन लावला.

"व्हिडिओ खोटा नाही हो, भाऊ," हसीब म्हणाला. "आधी माझे पाहुणे जाऊन आले, तेव्हा बठ्ठं, अगदी सगळं होतं. कंपनीनं एकेक काढून घेतलं. नाव तेच ठेवलं, भाव तोच ठेवला."

"मला सांगायचं ना."

"मला तरी कोणी सांगितलं?"

आता वर जाऊन नानांना सांगायचं एवढंच उरलं होतं. तोताराम जिन्यापर्यंत गेले आणि उभे राहिले. लग्नात वऱ्हाड उतरतं तो जानोसा. तिथला पहिला चहा, आंघोळीचं गरम पाणी, साबणाची वडी, सगळं मुलीच्या बापाच्या माथी. जानोशात काही कमी पडलं, तर कोणी आचाऱ्याला किंवा मंडपवाल्याला विचारत नाही. पोरीला मात्र ते पुढे ऐकावं लागतं. तोताराम वर गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बुफे उघडला तेव्हा ते दाराशीच उभे होते. पपई घेतली, चिकू घेतले. केळ्यांच्या मुलखातला माणूस, केळ्यांपाशी वेळ लावला. गॅसवर पिकवलेला माल होता, तरी त्यातूनही त्यांनी हातानं चाचपून बरी केळी काढली. बशीवर कापडी रुमाल झाकून वर नेली, सूटच्या दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवली, बेल दाबली आणि कोपऱ्याआड झाले. दार उघडल्याचा आवाज आला. "लाजरा दिसतो," नाना आत नानींना सांगत होते. "पण वेळेचा पक्का आहे."

खोली आवरणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी ठेवून त्यांनी हत्तीचीही सोय लावली. नानी म्हणाल्या, म्हशीसारखा दिसतो. पण फोटो काढला.

जेवताना नाना खुशीत होते. "केळी निवडावी तर या जहाजवाल्यांनी, तोतारामभाऊ. तुम्हा यावलकरांनी शिकावं काही."

"शिकावं लागेल," तोताराम म्हणाले. लताबाई ताटात बघत राहिल्या.

हे असंच पार पडलं असतं. पण नानांना मंडळाला बटलर दाखवायचा होता, आणि तो काही समोर येईना. म्हणून त्यांनी मोबाइल पॅसेजमधल्या फुलदाणीत खोचून दाराकडे रोखून ठेवला. सकाळी काढून घेतला. चष्मा आत होता. छोट्या पडद्यावर कोणी तरी येतं, बशी ठेवतं, जातं, एवढं त्यांना दिसलं. गोव्याजवळ रेंज आली तसा त्यांनी तो व्हिडिओ मंडळाच्या आणि घरच्या, दोन्ही ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमचा बटलर.

व्हिडिओत तोताराम होते. पायजमा, वर बंडी, खांद्यावर जहाजाचा रुमाल. बेल दाबून ते पळाले होते, आणि पळताना एक चप्पल सुटली म्हणून परत आले होते.

देवपुरातून पहिलं उत्तर आलं, "नाना, बटलर ओळखीचा वाटतो."

मुंबईला उतरताना नानांनी आपल्या बॅगा स्वतः उचलल्या. तोतारामांनी हात पुढे केला तेव्हा म्हणाले, "असू द्या." त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं झालं ते भूमिकामार्फत. "आबा, नाना मला काही बोलत नाहीत," ती फोनवर सांगायची. "मला उलट जास्तच जपतात. तुमचं नाव निघालं की फक्त उठून आत जातात."

शनिवारी तोताराम जळगावहून बसनं निघाले. पाण्याची बाटली बरोबर होती. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या माणसानं विचारलं, कुठे? लेकीला आणायला, ते म्हणाले. वाक्य नेहमीसारखं बाहेर पडलं. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. पारोळ्यापर्यंत ठरवू, असं म्हणता म्हणता धुळं आलं.

देवपुरात पुढच्या खोलीत पंखा चालू होता. दाराशी भूमिकाची निळी बॅग होती. ती येऊन पाया पडली. "जितू नीट पोहोचला ना?" तिनं विचारलं. नाना बाहेर आले तशी ती आत गेली.

"आणली का बाटली?" नाना म्हणाले. हसले नाहीत.

"आणली."

"बरं केलं." ते समोर बसले. "मी काय जहाज बुडवलं असतं का, तोतारामभाऊ?"

तोतारामांनी पिशवी पायाशी ठेवली.

"बटलर नाही म्हणाला असतात, तर नाही. मी खाली बुफेला गेलो असतो. तीस वर्षं ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभा राहिलो मी. कंपनीला पत्रही लिहिलं असतं. लिहिलंच आहे. उत्तर आलं, पुढच्या सफरीला सवलत देतो म्हणे." त्यांनी चष्मा काढून टिपॉयवर ठेवला. "मी फिरायला जाणं सोडलंय. माहीत आहे का? पुलापर्यंत पोहोचत नाही तोच विचारतात, बटलर काय म्हणतो."

"माझं चुकलं, नाना."

"ते हसले त्याचं काही नाही. हसतात लोक. मला एक सांगा. तुम्हाला काय वाटलं, फळं मिळाली नाहीत म्हणून मी घरी येऊन सुनेला छळीन?"

"तसं नाही," तोताराम म्हणाले.

पण तसंच होतं. जहाजाच्या जिन्यापाशी त्यांच्या मनात तेच होतं, दुसरं काहीही नव्हतं. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते त्यांना कळलं असावं. आतल्या दाराचा पडदा हलला आणि स्थिर झाला.

"मुलगी दिलीत," नाना म्हणाले, "आणि असा माणूस समजून दिलीत."

"नाना, तिला पाठवा. उद्या आखाजी आहे. मला काय बोलायचं ते बोला."

नाना उठून आत गेले. आत भांड्याचा आवाज झाला, नानी काहीतरी विचारत होत्या, उत्तर आलं नाही. ते परत आले तेव्हा हातात बशी होती, वर रुमाल झाकलेला. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून तोतारामांसमोर ठेवलं, त्यावर बशी ठेवली. मग बाहेरच्या दाराशी गेले, स्वतःच्याच घराची बेल एकदा दाबली, तोतारामांच्या बाजूनं चालत आत गेले आणि आतलं दार लावून घेतलं.

तोतारामांनी रुमाल उचलला. पपई होती, चिकू होते, केळ्याचे काप होते. केळं बरोबर पिकलेलं होतं, सालीवर ठिपके यायला लागतात त्या दिवशीचं. कोणीतरी ते वेळ लावून निवडलं होतं.

खाल्लं, तर वडिलांपासून पाळलेलं मोडत होतं. नाही खाल्लं, तर नानांनी वाढलेलं तसंच राहत होतं. ही परतफेड होती, शिक्षा होती, की झालं गेलं मिटलं असं सांगणं, हे बशीवरून कळत नव्हतं. नानांच्या चेहऱ्यावरूनही कळलं नव्हतं. तोतारामांनी केळ्याचा एक काप उचलून तोंडात टाकला. चव लागली नाही. दुसरा खाल्ला. पपई खाल्ली, चिकू खाल्ले, बशी रिकामी केली आणि रुमालाची घडी घालून तिच्यावर ठेवली. बाटली पिशवीतच राहिली.

लताबाईंचा फोन आला. "निघालात का?" त्यांनी विचारलं. "खापर तापत ठेवू का? मांडे गरमच खाईल ती."

"थांब जरा," तोताराम म्हणाले.

जळगावची पावणेतीनची गाडी गेली. सव्वातीनला आतलं दार बंदच होतं. भूमिकाची बॅग दाराशी होती तिथेच होती.