पाठ करून बसायची जागा

बाबा गेल्यानंतर त्यांच्या कारखान्यातली माणसं घरी भेटायला आली, ती नुसतं सांत्वन करून गेली नाहीत. निघताना उंबऱ्यात थांबून त्यांनी तिला विचारलं, की हॉस्पिटलात सगळ्यात जास्त काय नडलं.

हा कारखाना खाणींना लागणारं सामान बनवायचा. दिवे, टोप्या, दोरखंड, आणि सगळ्यात अवजड म्हणजे कोठी. कोठी ही जाड पत्र्याची हवाबंद खोली. खाणीत आग लागली, छत खचलं, की जवळ असतील त्यांनी आत शिरायचं, दार लावायचं आणि वरून कोणी काढायला येईपर्यंत तग धरायचा. बाबांचं उभं आयुष्य या कोठ्या तपासण्यात गेलं. सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं, बुडबुडा दिसला की खडूने खूण करायची, आणि शेवटी जोडीदाराबरोबर स्वतः आत बसून दार ओढून घ्यायचं. जोडीदार म्हणजे चेकनट काका. कुठलाही नट एकदा आवळून त्यांचं समाधान होत नसे. वर दुसरा, चेकनट, बसवल्याशिवाय ते पाना खाली ठेवत नसत. त्यांची बायको म्हणायची, आमचे हे कुलपालाही कुलूप लावतील.

कारखान्याची एक रीत होती. दरवर्षी लोकांच्या उपयोगाचं एक काम करायचं. काय करायचं ते कामगारांनी सुचवायचं, सामान मालकांनी द्यायचं, आणि शनिवारी दुपारनंतर कामगारांनीच ते आपल्या हातांनी उभं करायचं. पाटी लावायची नाही. एका वर्षी शाळेची बाकं झाली, एका वर्षी अंध मुलांच्या वसतिगृहाचे कठडे. यंदा सगळ्यांनी एकमुखाने सुचवलं, हॉस्पिटलात नातेवाईकांसाठी खोली. कुणासाठी, हे कोणी बोललं नाही.

तिला भावंडं नव्हती, आई लहानपणीच गेलेली. बाबांच्या शेवटच्या आजारात ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या व्हरांड्यात बसून होती, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेखाली. कसे आहेत, म्हणून विचारणारे पुष्कळ होते, आणि दर वेळी उत्तर देताना चेहरा सावरावा लागायचा. म्हणून हॉस्पिटलच्या समाजकार्य विभागाच्या मॅडम वही उघडून बसल्या तेव्हा तिने फार काही मागितलं नाही. एक खिडकी, खिडकीकडे तोंड केलेली एक खुर्ची, आणि लागणारं दार. माणसाला जगाकडे पाठ करून रडता यावं, एवढंच. मॅडमनी मान डोलावली आणि काम कारखान्यात काकांकडे गेलं.

मग ती त्या खुर्चीच्या आशेवर राहिली, असंच म्हणायला हवं. रिकाम्या घरात भांडं पडलं तरी ती दचकायची. बाबांसाठी करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, पण व्हरांड्यात ताटकळणाऱ्या पुढच्या एखाद्या मुलीला तरी ती ही जागा मिळवून देणार होती. संध्याकाळी एकटीच जेवताना ती मनातल्या मनात ती खुर्ची कधी थोडी डावीकडे सरकवायची, कधी उजवीकडे.

खोली तयार झाल्यावर काकांनी तिला बघायला बोलावलं. दार उघडलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. त्यांनी कोठी बांधली होती. दोन्ही भिंतींना समोरासमोर बाकं, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ. सगळे कोपरे गोल. पाण्याची टाकी भिंतीला पट्ट्यांनी जखडलेली. दाराला गोल काच. खिडकी होती, आणि चांगली मोठी होती, पण तिच्यापुढे खुर्ची नव्हती. जो तो दुसऱ्याचं तोंड बघत बसेल, अशीच सगळी रचना. इतकी वर्षं ज्यांनी एकच खोली बांधली, त्यांच्या हातून दुसरी कशी व्हावी? आणि गंमत म्हणजे, ही कोठी झाली आहे हे त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

खुर्ची कुठे आहे, असं तिने विचारलं. काका म्हणाले, बाकावर दहा माणसं आरामात मावतील, खुर्चीची अडगळ कशाला?

"मी एकटीला बसायला मागितली होती, काका."

"एकट्याची जागा आपण ठेवतच नाही, पोरी. कोठीत कोणी पाठ फिरवून बसला ना, की समजायचं, हा हातचा चालला. मग त्याला हलवायचं, बोलतं करायचं. तुझ्या बाबानेच शिकवलंय मला हे."

"ही खाण नाही. इथे कोणी गुदमरत नाही."

काकांनी बाकाच्या नटावरून अंगठा फिरवला. "तुला कोणी सांगितलं?" ते म्हणाले.

ती हटली नाही. बाबांचा हट्ट तिच्यात उतरला होता, हे काकांनाही ठाऊक होतं. कुरकुरत का होईना, त्यांनी एक बाक आखूड केलं आणि खिडकीसमोर एक खुर्ची जमिनीत पक्की ठोकली, अर्थात प्रत्येक बोल्टला दोन-दोन नट लावून. आता भूकंप झाला तरी तुझी खुर्ची हलायची नाही, म्हणाले. मग खोली सुरू झाली, मालक चार शब्द बोलले, मॅडमनी तिला पुढे उभं केलं, आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

काही आठवड्यांनी एका दुपारी ती हॉस्पिटलात गेली. खुर्ची कोणी वापरतं का ते बघून यावं, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर त्या दिवशी तिला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं.

खोलीत एकच माणूस होता. म्हातारा, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेली. खिडकी उघडी होती, बाहेर ऊन छान होतं, खुर्ची रिकामी होती, आणि तो बाकावर बसला होता. तिला राहवलं नाही. खिडकीपाशी बसा की, असं ती म्हणाली.

"तिथून दार दिसत नाही," तो म्हणाला.

तिने खुर्चीकडे बघितलं, मग दाराकडे. व्हरांड्यात बसून तिची स्वतःची मान अतिदक्षता विभागाच्या दाराकडे वळून वळून अवघडली होती. हे तिला कसं सुचलं नाही?

"तुमचं कोण आहे आत?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कोणी नाही."

"म्हणजे तुम्ही मोकळ्या आहात." त्याला बरं वाटलेलं दिसलं. "मग एक कराल का? माझी बायको आत आहे. परवापासून डोळ्याला डोळा लागला नाही, आणि झोपलो तर हाक ऐकू यायची नाही, कान मंद झालेत माझे. जरा पडतो. बोलावलं तर उठवा."

ती समोरच्या बाकावर बसली. म्हातारा भिंतीला डोकं टेकताक्षणी झोपला, अगदी दगडासारखा. श्वासाबरोबर त्याची टेप वर-खाली होत राहिली. ती त्या टेपकडे बघत राहिली, व्हरांड्यात बसून लागलेली नजर रोखून बघायची सवय तिला अजून होती. त्या दिवसांत तीही झोपली नव्हती. मला उठवाल का, असं विचारायला समोर कोणी बसलेलंच नव्हतं. मॅडमच्या वहीत लिहून द्यायला तिला खिडकी आठवली होती, दार आठवलं होतं. झोप आठवली नव्हती.

दार उघडून नर्सने नाव पुकारलं. त्याला जागं करायला तिला उठावं लागलं नाही. हात पुढे केला की त्याच्या गुडघ्याला लागत होता. तो धडपडत उभा राहिला, "बसा हं," म्हणाला आणि आत गेला.

ती बसली. ऊन खिडकीतून बाकापर्यंत आलं. आत काय झालं हे विचारण्याचा तिला हक्क नव्हता, आणि उठून घरी जाण्यापासून तिला कोणी अडवलंही नव्हतं. बऱ्याच वेळाने नर्स परत आली. या वेळी ती हळू बोलत होती.

"आजोबा एकटेच आहेत का? सोबत कोणी आहे त्यांच्या?"

तिने खोलीभर बघितलं.

"आहे," ती म्हणाली, आणि उठली.