थांब्याआधीची झेप

"अल्बम म्हणजे अल्बम," दाढी म्हणाला. "पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत जसाच्या तसा. लोक त्या गाणाऱ्या बाईचे श्वाससुद्धा पाठ करून येणारेत."

दाढी म्हणजे आमच्या बँडचा गिटारवाला. कॉलेजात आम्ही आमचीच वेडीवाकडी गाणी वाजवायचो. मग माझं लग्न झालं, लेक झाली. गाणं सोड असं कुणी म्हणालं नाही. ते दूध तापवता तापवता कधी सुटलं, कळलंच नाही. आता हे सगळे मिळून एका सभागृहात तो निळ्या कव्हरचा अल्बम पूर्ण सादर करणार होते. गाणार कोण, ते त्या दुपारी ठरायचं होतं. आदल्या दिवशी एक मुलगी गाऊन गेली होती. चांगली गायली म्हणे.

ती जागा मला हवी होती. त्या अल्बममधूनच तर मी घडले. शाळेत मला 'घोगरी' म्हणायचे. घरी फोन उचलला की पलीकडून "नमस्कार साहेब" यायचं. मग बाबांनी ती कॅसेट आणली. तिच्यातली बाई माझ्याच आवाजात गात होती, तसाच खरखरीत, जमिनीलगतचा, आणि तिला त्याची काडीची लाज नव्हती. मी तिच्यासारखे केस कापले, तिच्यासारखी मान ताठ ठेवायला शिकले. नवऱ्याने लग्नाचं विचारलं तेव्हा "बघते, सांगते" हे ज्या ठसक्यात म्हटलं, तो ठसकाही चौथ्या गाण्यातला.

तालमीची खोली छापखान्याच्या वर होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. सासूबाई माझ्या लेकीला मांडीवर घेऊन, तिची टोपी तिच्या कानांवर ओढून दाराशी स्टुलावर बसल्या.

पहिल्या गाण्यात माझा आवाज बऱ्याच दिवसांनी सोडलेल्या नळासारखा आला, आधी नुसती फुसफुस, मग गंज. चौथ्यापर्यंत धार लागली. पाचव्यात दुसरं कडवं संपलं आणि मी ध्रुवपदावर झेप घेतली.

मागे वाद्यं नव्हती.

"अगं बाई, निघालीस कुठे?" ड्रमवाली ओरडली.

"ध्रुवपदाला!"

"तिथे थांबा आहे ना! सगळं गप्प होतं. या अल्बममधली सगळ्यांत गाजलेली जागा आहे ती."

"कुठला थांबा?"

दाढीने मोबाइलवर मूळ गाणं लावलं. कडवं संपलं, आणि मग काहीच नाही. लांबलचक शांतता. माझ्या राहत्या घरात कुणी रातोरात भिंत घातल्यासारखं वाटलं.

मग आठवलं. आमच्या टेपरेकॉर्डरने ती कॅसेट एकदा गिळली होती. मी भोकाड पसरलं होतं. बाबांनी चुरगळलेला तुकडा कात्रीने उडवला, दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली आणि म्हणाले, "रडू नकोस, गाण्यातलं काही गेलं नाही. तिथे नुसतं रिकामंच होतं." पुढे सगळी गाणी मोबाइलवर आली, तरी हा अल्बम मी दुसरीकडे कधी ऐकला नाही. ज्याच्यावर जीव जडलाय त्याचा जुळा भाऊ शोधायला कोण जातं?

"होतं असं," दाढी म्हणाला. "आता थांबून घे."

घेतलं. बसथांब्यावर उभं राहावं तशी थांबले आणि बरोबर वेळेवर शिरले.

"हां, जमलं!"

"जमलं कसलं?" दाराशी सासूबाई. "मघाशी हिने न थांबता गाण्यात हाक मारली तेव्हा पोर दचकून हसली. आता बघा, जांभई देतेय."

"काकू, अल्बममध्ये तसंच आहे हो."

"असेल. मी आपलं पोरीचं तोंड बघून सांगतेय."

मला हसू आलं, आणि हसता हसताच बोलून गेले, "मी थांबणार नाही."

"मग कालच्या त्या मुलीला बोलवावं लागेल," दाढी म्हणाला.

"बोलव. पण आधी एकदा माझ्या कॅसेटसारखं वाजवा. मग बोलव."

ड्रमवालीने खांदे उडवले आणि काठ्या आपटल्या. कडवं संपलं. मी उडी घेतली, आणि या वेळी सगळे माझ्यासोबत उडाले. खिडकीच्या काचा थरथरल्या. गाणं संपल्यावर दाढीने गिटारच्या तारांवर पंजा ठेवून त्यांचा आवाज बंद केला.

"च्यायला," तो म्हणाला. "लोक शिव्या घालतील."

"मला घालू देत."

"कार्यक्रमाला काळे कपडे घालायचेत," तो म्हणाला. "तुलाही."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. लोक खरंच शब्दन् शब्द पाठ करून आले होते. पाचव्या गाण्याचं दुसरं कडवं त्यांनी माझ्याबरोबर गायलं आणि सगळ्यांनी एकदम श्वास रोखला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर त्या शांततेसाठी डोळेही मिटून घेतले.

मी थांबले नाही.

आजोबांनी खाडकन डोळे उघडले. एक ओळ मी एकटीच गात होते, माझ्या घोगऱ्या, जमिनीलगतच्या आवाजात, आणि अख्खं सभागृह गोंधळून माझ्याकडे बघत होतं. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली. दुसऱ्या ओळीला चार-दोन आवाज आले, तिसरीला रांगाच्या रांगा, आणि चौथीपर्यंत सगळे धावत धावत येऊन मला गाठत होते.