चौथं बिस्कीट

"माणूस खरा कसा आहे हे बघायचं असेल तर त्याला बर्फात सोडून द्या. तीन दिवसांत सभ्यपणाचं कातडं गळून पडतं आणि आतलं जनावर बाहेर येतं," असं दिग्दर्शकसाहेब म्हणाले, आणि त्या भरात एक पाऊल मागे सरकले तो त्यांचा पाय बर्फात गेला. बर्फ म्हणजे मक्याच्या पिठाची पाच किलोची थैली. साहेबांनी बूट झटकला आणि पुसायला काही मिळेल का, असं विचारलं.

खुडबुडकाकांनी फडकं पुढे केलं. ते फडकं गेला आठवडाभर गिधाडाच्या पंखांचं काम करत होतं, पण हे त्यांनी सांगितलं नाही.

काकांचा धंदाच तसा होता. पडद्यावर जे जे हलतं त्याचा आवाज बंद खोलीत उभं राहून करायचा. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. घरी मात्र साधं 'हं' म्हणायलाही यांचं तोंड उघडत नाही, अशी काकूंची तक्रार होती. चालू चित्रपट चार माणसांचा होता. चौघं बर्फाच्या रानात अडकतात, एकमेकांच्या जिवावर उठतात आणि शेवटी एकच परत येतो. पिठाची थैली दाबली की बर्फातली पावलं, गाजर मोडलं की हाड, कोबीवर सुरा मारला की कुऱ्हाड. बंदुकीचा खटका तेवढा जमत नव्हता. तेव्हा काकांनी जेवणानंतर त्याच खोलीच्या दाराची आतली मूठ स्क्रू काढून हातात घेतली आणि खटका असा उतरवला की काचेपलीकडे यंत्रावर बसलेली ताई दचकली. दार आता आतून उघडत नव्हतं, पण त्याने कुणाचं अडत नव्हतं. ताई बाहेरून उघडायची.

अडत होतं ते एका बिस्किटापाशी. बाकीचे झोपलेत असं बघून नायक शेवटचं बिस्कीट चोरून खातो, असा प्रसंग होता. काकांनी नऊ वेळा बिस्कीट खाल्लं. नवव्यांदा साहेब म्हणाले, "काका, हा भुकेल्याचा आवाज नाही. हा पाहुण्याचा आवाज आहे. 'घ्या ना आणखी एक' म्हटल्यावर येतो तसा." मग त्यांनी अगदी मऊ आवाजात पुढचंही सांगून टाकलं. आज जमलं नाही तर संगणकातले तयार आवाज घ्यायचे, या चित्रपटाला आणि इथून पुढच्या सगळ्यांना. काकांनी मान हलवली. घरी हे कसं सांगायचं याचा ते विचार करू लागले, कारण ते 'हं'मध्ये मावण्यासारखं नव्हतं.

दहाव्या खेपेला माइक जवळ धरायला म्हणून ताई यंत्र चालू ठेवून आत आली. तिच्यामागे ते जाडजूड दार आपोआप धाडकन मिटलं. त्या दणक्याने बाहेरची मूठ, तिच्या सळईसकट, बाहेरच्या बाहेर गळून पडली. काकांच्या हातात आतली मूठ होती आणि दारात एक चौकोनी भोक.

तिघांनी मिळून हाका मारल्या. पण ही खोली बांधतानाच आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भरपूर खर्च केलेला होता, आणि तो वाया गेलेला नव्हता. मोबाइल नियमाप्रमाणे बाहेरच्या टोपलीत होते. यंत्र चालू असल्यामुळे दारावरचा लाल दिवाही चालू होता, आणि लाल दिवा असताना दाराला हात लावायचा नाही हा तिथला पहिला नियम होता. साफसफाईवाला दाराबाहेरच्या बोळातून दोनदा गेला; तिथून काच दिसत नव्हती. पहिल्यांदा त्याने खाली पडलेली मूठ पाहिली, कुणी अडखळू नये म्हणून ती नीट उचलून खिडकीत ठेवली आणि पावलं न वाजवता निघून गेला. दुसऱ्यांदा फक्त पावलं न वाजवता गेला. हे सगळं नंतर कळलं.

साहेबांनी लगेच सूत्रं हाती घेतली. संकटात नेतृत्व लागतं, असं म्हणून त्यांनी कुऱ्हाड मागितली. काकांनी कोबी दाखवला. मग साहेबांची नजर गाजराकडे वळली. "त्याला हात नका लावू," काका म्हणाले, "तो उद्याचा नायकाचा गुडघा आहे."

शिधा मोजला. पुड्यात चार बिस्किटं निघाली. ताईने आपली बाटली हलवून ती संपल्याचं जाहीर केलं. घरघर नको म्हणून वातानुकूलन बंद ठेवलेलं, तेव्हा हिमवादळाच्या त्या खोलीत तिघंही घामाने निथळत होते. पाचच्या ठोक्याला समान वाटणी करू, तोवर कुणी पुड्याला शिवायचं नाही, असं साहेबांनी ठरवलं. उकाडा कमी व्हावा म्हणून दिवेही घालवले. तिघं तीन कोपऱ्यांत बसले.

अंधारात काकांच्या कानांना सगळं दिसत होतं. आधी ताईच्या कोपऱ्यातून बाटलीचं झाकण फिरलं, केसाएवढं, आणि एक घोट खाली गेला. काकांना हसू आलं. मग त्यांच्याच खिशातली खोकल्याची गोळी त्यांच्या तोंडात गेली. ती औषध असल्यामुळे वाटणीत येत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि ती कवळीवर दोनदा टकटकली तेव्हा जिभेखाली धरली. आणि मग पुडा कुरकुरला. थांबला. पुन्हा कुरकुरला.

पाचला दिवे लागले. साहेबांनी पुडा उघडला. "तीनच आहेत," ते म्हणाले, "म्हणजे वाटणी सोपी झाली." तिघांनी एकेक बिस्कीट खाल्लं, 'घ्या ना' म्हणत.

सहाला साफसफाईवाला तिसऱ्यांदा आला. आता त्याची घरी जायची वेळ झाली होती, आणि कुलपं लावल्याशिवाय त्याला जाता येत नव्हतं. तेव्हा त्याने नियम खुंटीला टांगला, खिडकीतली मूठ भोकात घातली आणि दार उघडलं. सभ्यतेने तिघांना असं परत घेतलं.

बाहेर आल्यावर ताईच्या लक्षात आलं की यंत्र अजून चालूच आहे. दोन तास सगळं टिपलं गेलं होतं. काकांच्या खोकल्याच्या गोळीचा आवाजही त्यात होता. उद्याच्या पोटापाण्याचा निकाल लागायचा होता, आणि त्यांच्या नावावर जमा होती ती कवळीवरची टकटक.

"ऐकू या," साहेब म्हणाले.

पहिल्यांदा घोट आला. ताईला खोकला आला. मग बारीकशी टकटक. हे काय, असं साहेबांनी विचारलं. यंत्राचं असेल, असं ताई काकांकडे न बघता म्हणाली. आणि मग पुड्याची कुरकुर आली.

साहेब ताठ बसले. कुरकुर, एक रोखलेला श्वास, पुन्हा कुरकुर. मग बराच वेळ काही नाही. शेवटी एक ओला, चोरटा आवंढा.

"हाच," साहेब कुजबुजले. "ऐका, चावत नाही तो. तोंडात भिजवतोय. लाजतोय, पण थांबत नाही. काय नीच माणूस आहे. गेलं वर्षभर मी हाच आवाज..." इथे ते थांबले. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले, दारावरच्या दिव्यासारखे.

ताईने नोंदवही पुढे ओढली, कारण प्रत्येक आवाजापुढे करणाऱ्याचं नाव लिहायची तिथली पद्धत होती. पेन टेकवून तिने विचारलं, "कोणाचा म्हणून लिहू?"

काकांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या आवाजावर आपलं नाव लावलं नव्हतं. आणि खरं सांगितलं तर उद्यापासून संगणक. दोन्ही वाक्यं जिभेवर आली, पण तिथे नुकतीच टाकलेली दुसरी गोळी होती, त्यामुळे उशीर झाला.

"काकांचा," साहेब म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा असणार? आणि ते संगणकाचं राहू द्या. पुढच्याही चित्रपटाला काकाच."

ताईने लिहिलं. काका नुसतं "हं" म्हणाले.

साहेबांनी बॅग उचलली, बुटावरचं उरलेलं पीठ पुन्हा एकदा पुसलं आणि दारापर्यंत गेले. तिथे मूठ हातात धरून ते थोडे घुटमळले.

"काका, एक सांगायचं होतं," ते दाराकडे बघतच म्हणाले. "उद्या क्रीमवाली आणाल का? ही फार कोरडी लागतात."