हिरवी जाळी

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून नूतन सहा दिवसांनी पालीहून आगरदांड्याला परतली. पिशवी ओट्यावर ठेवली आणि आधी मागच्या पडवीत गेली. तिचा नवरा गुणाजी पाणबुड्या. बुडालेले नांगर, पंख्यात अडकलेली जाळी काढून द्यायची कामं तो करायचा. त्याच्या सामानाची धुणी-पुसणी तिच्याकडे होती.

खुंट्या तीन, टाकीतली हवा पाणबुड्याच्या तोंडाला पुरवणारे रेग्युलेटर मात्र दोनच.

"आबा, तिसरा कुठाय?"

"गुणाजी घेऊन गेला," सासरे येसाजी म्हणाले. "ट्रॉलरचा नांगर तुटलाय दिघीकडं. दहा वाव, म्हंजे साठ फूट पानी हाय." मग जरा कौतुकानंच सांगितलं, "तू न्हवतीस, म्हणून सगळे मीच धुतले. रातभर टबात भिजवले. बटन दाबून दाबून आतूनपन धुतले."

नूतनचा हात खुंटीवरच थांबला. "आणि झाकणं? टाकीला लागतं त्या तोंडावरची काळी झाकणं?"

"ती काढली. त्याबिगर पानी आत कसं जानार?"

पाणी आत जाताच कामा नये, म्हणून तर ती झाकणं असतात. ते तोंड कोरडं ठेवायचं, झाकण घट्ट बसवायचं, भिजत असताना बटण अजिबात दाबायचं नाही. टाकीतली हवा त्या तोंडातून आत येते आणि पाणबुड्याच्या श्वासाला मिळते. तिनं एक रेग्युलेटर उजेडात धरला. तोंडातली बारीक जाळी गंजून हिरवी पडली होती; ती बुजली की हवा अडते. टबातलं पाणी बोटावर घेऊन चाखलं. खारट. डुबकीहून आलेलं सगळं सामान त्याच पाण्यात खळबळलं होतं.

तिनं गुणाजीला फोन लावला. लागला नाही. मग ती धक्क्याकडे धावली.

धक्क्यावरच्या कान्हाच्या होडीतून ट्रॉलर गाठेपर्यंत अर्धा तास गेला. ट्रॉलरचा प्रमुख, तांडेल अंबाजी कठड्याशी उभा राहून गुणाजीच्या कमरेचा दोर धरून होता.

"खाली किती वेळ झाला?"

"बारा मिनटं. का गं?"

"वर बोलवा त्यांना. आत्ताच्या आत्ता!"

अंबाजीनं दोर तीनदा ओढला. खालून उत्तर आलं नाही. पाण्यावर बुडबुडे येत होते, पण एका झुबक्यानंतर दुसरा यायला फार वेळ लागत होता. नूतन मधले सेकंद मोजू लागली. सात. अकरा. मग बुडबुडे थांबले.

"खेचा!"

दोघांनी दोर खेचायला घेतला. तो जड होता आणि मधेच अचानक हलका झाला. क्षणभर तिला वाटलं, दोर तुटला. मग पाणी फुटलं आणि गुणाजी वर आला. तोंडातला रेग्युलेटर सुटलेला, ओठ जांभळे, खोकल्याबरोबर गुलाबी फेस.

"हवा येईना," एवढंच तो म्हणाला.

अलिबागच्या रुग्णालयात तो नऊ दिवस होता. घाईनं वर येताना फुप्फुसाला इजा झाली होती. जीव वाचला. पण पुन्हा पाण्याखाली जायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

तिसऱ्या दिवशी त्याला बोलता आलं. येसाजी पलंगाच्या पायथ्याशी टोपी हातात घेऊन उभे होते.

"रेग्युलेटर कुणी धुतला होता?" गुणाजीनं विचारलं.

नूतननं खाली पाहिलं. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलंही होतं. पण तिला तोंड उघडावं लागलं नाही.

"मी," येसाजी म्हणाले. "तिला ठाव न्हवतं."

गुणाजीनं छताकडे पाहिलं. नळीतून प्राणवायू फुसफुसत होता. तो म्हणाला, "बसा, आबा."

येसाजी स्टुलावर बसले. त्यांनी चादरीवर हात ठेवला. गुणाजीनं आपला हात चादरीच्या आत ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.