तीन तुकड्यांचा झोका

मित्रांनो, धानोऱ्यात चुडामण पाटलांच्या गोठ्यातल्या खुंटीवर दोन ठिकाणी गाठ मारलेला एक दोर लोंबतो ना, तोच मी. मोटेचा जुना नाडा. गाठी बघून नाक मुरडू नका. जन्मतः मी एकसंध होतो.

पाटील आणि त्यांचा सालदार धुडकू या दोघांनी सणाच्या काड्या भिजवून, सोलून, वाळवून मला अंगणात वळले. छत्तीस हात लांब आणि मनगटाएवढा जाड! वर्षभर मी विहिरीवर मोट ओढायचो. चाकावरून पळता पळता अंग सोलून निघायचे. तरी मी कधी कुरकुरलो नाही, कारण वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येणार हे मला ठाऊक असायचे.

आखाजीला बैलांना सुट्टी आणि मला बढती. मळ्यातल्या निंबाच्या सर्वांत उंच फांदीला माझा झोका बांधायचे. आधी घरातल्या मोठ्या माणसाने त्यावर बसून दोर पारखायचा आणि मगच मुलींनी बसायचे, अशी आमच्याकडची रीत. आठ वर्षांची धनू, म्हणजे पाटलांची लेक, सगळ्यांत उंच जायची. तिथून कुंपणापलीकडचा रस्ता दिसायचा. सासरहून लेकीबाळींना घेऊन येणारी गाडी तिला सर्वांआधी दिसायची आणि ती ओरडायची, "गाडी उनी वं, गाडी उनी!" खाली एकच गलका व्हायचा. आज तुमच्याकडे कितीही खेळ असतील, पण त्या ओरडण्याची सर कशाला येईल?

अशी पाच वर्षे गेली. मग दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या साली विहिरीवर तेलाचे इंजिन आले. पाटील दिवसभर त्याच्याभोवती घुटमळायचे. सारा गाव बघायला लोटला. मी शेजारीच पडलो होतो, पण माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

"धुडकू, नाडाले आते काय काम शे? तीन तुकडा कर," पाटील म्हणाले.

धुडकू घुटमळला. "पाटील, आखाजीले झोका?"

"बजारमाईन साखळी लई ठेयेल शे."

आणि विळा चालला. एक तुकडा बैलाचे दावे झाला, दुसऱ्याने कडब्याचा भारा बांधला. तिसऱ्याने इंजिन खांबाला आवळले, कारण ते चालू झाले की जागचे हलायचे. ज्याने माझे काम हिरावले, त्यालाच मी मिठी मारून बसायचे! संताप झाला माझा.

त्याच वर्षी माघात धनूचे लग्न झाले होते. ती खांडबाऱ्याला सासरी गेली आणि पहिल्या आखाजीला दोन दिवसांसाठी माहेरी आली. पुढच्या वर्षी पाठवतील की नाही, कुणास ठाऊक. आल्या पावली ती निंबाकडे पळाली. तिथे नवी लोखंडी साखळी लोंबत होती. वैशाखाचे ऊन आणि लोखंड! धनूने हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. बाकीच्या मुलीही तळहात फुंकत उभ्या राहिल्या. एवढी साधी गोष्ट पाटलांच्या ध्यानात आली नव्हती!

 गोठ्यात जाऊन धनूने माझे दोन तुकडे शोधले आणि गाठ मारली. पण दोन तुकडे उंच फांदीला पुरेनात.

"बा, इंजिनना दोर सोड ना."

"त्याले हात नको लाऊ. इंजिन हाली जाई."

शेवटी झोका खालच्या फांदीला बांधला. फांदी वाकायची आणि धनूचे पाय मातीत फरफटायचे. कुंपणापलीकडचे काही दिसत नव्हते. दोन दिवस ती गुडघे पोटाशी घेऊन झुलली.

निघताना ती एवढेच म्हणाली, "बा, औंदा मन्हा पाय जमीनलेच लागी ऱ्हायनात."

गाडी निघाली.  पाटील तरातरा विहिरीवर गेले आणि त्यांनी इंजिन बंद करून माझा तिसरा तुकडा सोडला. आता? आता सुचले? मी आतल्या आत चडफडलो. त्यांनी तिन्ही तुकडे जोडले, मला उंच फांदीला बांधले आणि रीतीप्रमाणे दोर पारखायला स्वतः बसले. पन्नाशीचा तो माणूस एक झोका, दोन झोके घेत उंच गेला. तिथून रस्ता दिसत होता. धनूची गाडी वळणावर पोचली होती.

"गाडी गयी," पाटील हळूच म्हणाले. ऐकायला खाली कुणी नव्हते.

मित्रांनो, इंजिनावर माझा राग नाही. त्याने विहिरीचे पाणी उपसले, चांगले केले. पण घरातली जुनी वस्तू कापायला विळा उचलाल, तेव्हा तिच्यावर कोण झुलते ते आधी विचारा. माझ्या गाठी अजून घट्ट आहेत. दर आखाजीला पाटील मला उंच फांदीला बांधतात आणि पारखायला स्वतः बसतात. धनूची गाडी अजून आलेली नाही.